तलावाचा काठ कोणाचा? गावकऱ्यांनी कार्यक्रमाची परवानगी नेमकी कोणाकडे मागायची

नमस्कार मंडळी. आपल्या पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांवरच्या, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या तलावांवरच्या, मागच्या व्हिडिओखाली तुम्ही जे प्रश्न विचारले, त्यांतला सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न असा होता, की ताई, आमच्या गावच्या तलावाच्या काठावर आम्हाला कार्यक्रम घ्यायचा आहे, तर परवानगी कोण देणार? कोणाला दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, तिथे दंडार हे लोकनाट्य उभे करायचे आहे, कोणाला १४ एप्रिलची जयंती साजरी करायची आहे, कोणाला नवसाच्या पानग्यांचा स्वयंपाक काठावरच्या आंब्याखाली करायचा आहे, तर एका बचत गटाच्या ताईंना कोजागिरीचे दूध तिथे आटवायचे आहे. या सर्वांना आलेला अनुभव मात्र जवळपास सारखाच आहे. आधी तोंडी होकार मिळतो आणि ऐन वेळी कोणीतरी येऊन "इथे जमणार नाही" असे सांगतो.

मूळचे आपल्याकडचे, पण आता मुंबईत राहणारे एक काका लिहितात, की चौपाटीवरही स्थानिकांची तीच तक्रार आहे. काकांचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते. २०१६ साली गिरगाव चौपाटीवर 'मेक इन इंडिया' सप्ताहातल्या एका भव्य कार्यक्रमासाठी परवानगी मागण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने दिली, आणि १४ फेब्रुवारीला त्या कार्यक्रमाच्या मंचालाच आग लागली. त्या निकालांच्या खोलात मी शिरत नाही. परंतु ज्यांच्या पाठीशी मोठे आयोजक आणि वकील असतात त्यांचा अर्ज दिल्लीपर्यंत पोहोचतो, आणि गल्लीतल्या मंडळाचा अर्ज टेबलावरून पुढे सरकत नाही, हे मुंबईइतकेच आपल्या तालुक्यालाही लागू आहे.

शिवाय समुद्र आणि आपला तलाव कायद्यात एकाच ओळीत बसलेले आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचे कलम २० सांगते, की भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा तळ, नद्या, ओढे, नाले, सरोवरे आणि तलाव यांचे तळ, आणि ज्यांवर कोणाची खाजगी मालकी सिद्ध होत नाही अशा सर्व जमिनी राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. आपल्या भागातले मालगुजारी तलाव तर १९५० च्या मालमत्ता हक्क निर्मूलन कायद्यानंतर, म्हणजे १९५१ पासून, मालगुजारांकडून शासनाकडे आले. आणि शासनाची मालकी म्हणजे मनास येईल त्याला देऊन टाकण्याचा अधिकार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९९६ रोजी बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात, ज्याला कमलनाथ प्रकरण म्हणतात, स्पष्ट केले आहे. नद्या, किनारे, पाणी आणि वने शासनाकडे जनतेची ठेव म्हणून असतात आणि शासन त्यांचे विश्वस्त असते, असे ते तत्त्व आहे.

शांततेने एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे. सार्वजनिक जागेवरच्या सभांना नियम लावता येतात, परंतु परवानगी द्यायची की नाकारायची हे कोणत्याही निकषाशिवाय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, असे अहमदाबादच्या हिम्मतलाल शाह प्रकरणात घटनापीठाने सांगितले आहे. ध्वनिक्षेपकाला पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो, हेही तुम्हाला ठाऊकच आहे. या गोष्टींवर मी अधिक वेळ घालवणार नाही, कारण आपले अर्ज बहुतेक वेळा या मुद्द्यांवर अडत नाहीत.

आपले अर्ज अडतात ते जागेच्या मुद्द्यावर. ज्या काठावर आपल्याला बसायचे आहे, तो तुकडा कागदोपत्री कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहिल्याशिवाय आपण अर्ज लिहायला बसतो. मी स्वतः ही चूक केली आहे, म्हणून ती हकिकत आधी सांगते.

आमच्या पुऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, मुली दरवर्षी भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाईची मूर्ती मांडतात आणि कोजागिरीला तिचे विसर्जन करतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले, की यंदा घरोघरी न फिरता शेवटची गाणी तलावाच्या काठावर सर्वांनी मिळून म्हणायची. ग्रामपंचायतीत तोंडी विचारले, तर "घ्या ना, गावचाच तलाव आहे" असे उत्तर आले आणि आम्ही निर्धास्त झालो. त्या संध्याकाळी पाटावर भुलाबाई घेऊन, हातांत खिरापतीचे बंद डबे घेऊन आम्ही चाळीसएक बायका-मुली तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पोहोचलो, तेव्हा काठाला हिरवी जाळी बांधलेली होती. बाहेरगावच्या एका आयोजकाने तिथे तीन दिवसांचा मेळा लावला होता आणि आत जाण्याचे तिकीट पन्नास रुपये होते. दारावरच्या मुलाने आम्हाला अडवले. त्याचा त्यात दोष नव्हता, त्याला जे सांगितले होते ते तो करत होता. माझी धाकटी भाची डबा कानाशी हलवून आत चिवडा आहे की दाणे, हे ओळखण्याचा खेळ खेळत होती, आणि गाणी कधी सुरू होणार असे दर दोन मिनिटांनी विचारत होती. शेवटी आम्ही सांडव्याच्या बाजूला, घोटाभर चिखलात उतरून भुलाबाई विसर्जित केली. गाणी झालीच नाहीत. खिरापत घरी जाऊन वाटली.

मला राग मेळ्याचा आला नाही. गावात मेळा यावा, चार लोकांना त्यातून रोजगार मिळावा, हे मलाही हवेच आहे. मला लागले ते असे, की ज्यांनी त्या तलावाची पाळ पिढ्यानपिढ्या श्रमदानाने राखली, त्या घरांतल्या बायकांना त्यांच्याच काठावर जाण्यासाठी तिकीट विचारले गेले. नंतर मी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला आणि कागद मागवले. त्यातून कळले, की आयोजकाला काठ वापरण्याचे पत्र ग्रामपंचायतीने दिले होते, आणि तो काठ ग्रामपंचायतीच्या ताब्यात नव्हताच. तो जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे होता. म्हणजे आम्ही जिथे तोंडी विचारले आणि आयोजकाने जिथून पत्र घेतले, तो दरवाजा एकच होता, आणि तो दोघांसाठीही चुकीचा होता.

म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते, की अर्जाच्या आधी जागेचा कागद काढा. आपल्या पूर्व विदर्भात एकाच तलावाच्या भोवती चार प्रकारची जमीन असू शकते. ज्या तलावांची सिंचनक्षमता शंभर हेक्टरपर्यंत आहे ते सामान्यतः जिल्हा परिषदेकडे असतात, आणि त्याहून मोठे राज्य शासनाच्या विभागांकडे असतात. पाळीच्या मागची मोकळी जागा गावठाणात किंवा ग्रामपंचायतीकडे वर्ग केलेली असू शकते. बाजूचा चढ महसूल खात्याची बिनभोगवट्याची, म्हणजे कोणाच्याही भोगवट्यात न दिलेली, जमीन असू शकतो. आणि जिथे तुम्हाला नुसती बोराटीची झुडपे दिसतात, ती जमीन दप्तरी 'झुडपी जंगल' असू शकते. झुडपी जंगल ही वने मानली जातील, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेला आहे. तेव्हा तिथे मंडप टाकायचा असेल, तर सरपंच भाऊ कितीही चांगले असले तरी त्यांच्या होकाराने भागणार नाही, वन विभागाला विचारावे लागेल.

[स्क्रीनवर: गाव नकाशा, तलावाचा गट क्रमांक गडद केलेला]

हा कागद काढायचा कसा? महाभूनकाशावर गावाचा नकाशा उघडा आणि तलावाचा गट क्रमांक टिपून घ्या. मग त्या गटाचा सातबारा काढा. सरकारी जमीन असेल तर तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, गाव नमुना १-ब पाहायला मागा, कारण बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंद त्यात असते. तुम्ही म्हणाल, ताई, एवढे कशाला, सर्वांना माहीत आहे तलाव कोणाचा. मीही हेच म्हणत होते.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहू, कारण नकाशावरची रेघ आणि पाण्याची रेघ या एक नसतात. कोजागिरीला तलाव भरलेला असतो, तेव्हा काठ म्हणजे पाळ आणि तिच्या बाजूची अरुंद पट्टी. तोच तलाव मे महिन्यात आटतो, आणि ज्याला तुम्ही काठ समजून खुर्च्या मांडता, तो प्रत्यक्षात तलावाचा तळ असतो. त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर काही ठिकाणी गाळपेर दिलेली असते, म्हणजे कोण्या शेतकऱ्याने त्या हंगामापुरती ती जमीन कसायला घेतलेली असते. तुमच्या एप्रिलच्या कार्यक्रमासाठी त्याच्या काकड्या-टरबुजांच्या वेलांवरून गाड्या गेल्या, तर त्याचे नुकसान तुम्हीच केलेले असेल. म्हणून अर्जात "तलावाचा काठ" असे मोघम लिहू नका. गट क्रमांक लिहा, दिशा लिहा, पाळीपासून किती फुटांवर बसणार ते लिहा, आणि हाताने काढलेला का होईना, एक नकाशा जोडा.

तिसरी बाजू नकाराची आहे. "नाही" म्हणणाऱ्या माणसाला "नाही" म्हणण्याचा अधिकार तरी आहे का, हेही जागेच्या कागदावरूनच ठरते. एका ताईंनी लिहिले आहे, की तलावाचा ठेका घेतलेल्या संस्थेच्या माणसांनी त्यांना काठावर बसू दिले नाही. ताई, मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचा ठेका मासळीचा असतो, त्यामुळे काठ त्यांचा होत नाही. करारनाम्याची प्रत मागा आणि त्यात काय लिहिले आहे ते वाचा. मात्र त्या ढीवर बांधवांशी भांडायला जाऊ नका, कारण त्यांनी पाण्यात बीज सोडलेले असते आणि जाळी लावलेली असतात, आणि विसर्जनाच्या वेळी रंग, प्लास्टर, निर्माल्य पाण्यात गेले की पहिले नुकसान त्यांचे होते. आमच्याकडे आम्ही त्यांच्या अध्यक्षांना आधी जाऊन भेटलो, तर त्यांनीच विसर्जनासाठी जाळ्यांपासून दूरची जागा दाखवली.

जागेचा कागद हाती आला की अर्ज ज्याच्या ताब्यात जागा आहे त्या कार्यालयाला लिहायचा, आणि प्रती ग्रामपंचायत व पोलीस ठाण्याला द्यायच्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय त्या कार्यालयाची पायरी उतरायची नाही. "ठेवून जा, साहेब आले की बघतील" या वाक्याने आमच्या भागातले किती कार्यक्रम बुडाले असतील, याची गणती नाही. पोच नसेल तर तुमचा अर्ज दप्तरी अस्तित्वातच नसतो, आणि तुमच्यानंतर पंधरा दिवसांनी आलेला आयोजक पहिला ठरतो. आणि नकार मिळाला, तर तो कारणासह लेखी मागा. लेखी नकारावर वरिष्ठांकडे दाद मागता येते. तोंडी नकारावर घरी जाऊन हळहळण्याशिवाय काही करता येत नाही.

हे झाले एका कार्यक्रमापुरते. पण दरवर्षी प्रत्येक मंडळाने एवढी धावपळ करावी का? करू नये, आणि त्यासाठी ग्रामसभा आहे. आमच्या त्या कोजागिरीनंतर पुढच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही बायकांनी विषय मांडला. ठराव साधा होता. काठाच्या वापराची एक नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी, ती कोणालाही पाहता यावी, वर्षातले काही ठरावीक दिवस गावाच्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवावेत, बाहेरच्या आयोजकाचा अर्ज आला तर तो ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा, आणि तिकीट लावणाऱ्या कार्यक्रमातही गावकऱ्यांना पाण्यापर्यंत जाण्याची वाट मोकळी राहावी. त्यासोबत ग्रामपंचायतीने लघुपाटबंधारे विभागाला पत्र लिहून कळवले, की काठाबाबत कोणतेही पत्र देण्याआधी गावाला विचारावे. विभागाने उत्तर द्यायला पावणेदोन महिने लावले, परंतु उत्तर लेखी आले आणि ते आमच्या बाजूचे होते.

याहून पक्की वाटही आहे, आणि ती आपल्या विदर्भाची खास आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ नुसार गावातल्या बिनभोगवट्याच्या जमिनीचा वापर गावकऱ्यांनी कसा करावा याचे निस्तार पत्रक असते. आपण गुरे चारायला, माती-मुरूम आणायला जातो त्यामागे हेच पत्रक आहे. ग्रामपंचायतीने विनंती केली, तर चौकशी करून जिल्हाधिकारी त्यातल्या नोंदीत बदल करू शकतात. कलम २२ खाली बिनभोगवट्याची जमीन बाजार, गावठाण किंवा इतर सार्वजनिक प्रयोजनासाठी राखूनही ठेवता येते, आणि तशी राखली की जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तुमच्या काठालगतचा तुकडा जर नमुना १-ब मध्ये असेल, तर यात्रा, मंडई आणि सार्वजनिक कार्यक्रमांसाठी तो राखून ठेवण्याची मागणी करा. हे काम एका वर्षात होईल असे मी म्हणणार नाही. पण आपल्या गावचे निस्तार पत्रक कधी कोणी उघडून पाहिले आहे का, एवढे तरी या आठवड्यात जाऊन विचारा.

आता एक प्रश्न, जो मला सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक वाटतो. एका तरुण भावाने लिहिले आहे, की बाहेरचा आयोजक दूरच राहिला, गावातलीच काही मंडळी आम्हाला काठावर जयंतीचा कार्यक्रम घेऊ देत नाहीत, "तुमचा कार्यक्रम तुमच्या मोहल्ल्यात घ्या" असे म्हणतात. भाऊ, यावर मी पूर्ण स्पष्ट बोलते. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये तलाव आणि स्नानघाट हे शब्द लिहिलेले आहेत. शासनाच्या पैशाने राखलेल्या किंवा सर्वांच्या वापरासाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कोणालाही अडवता येत नाही. ते शब्द तिथे का आले, हे ज्याला महाडचे चवदार तळे माहीत आहे त्याला सांगावे लागत नाही. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, तरी प्रत्यक्षात पाणी घ्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आणि हजारो लोकांना चालत जावे लागले, आणि न्यायालयातले प्रकरण १९३७ पर्यंत चालले. जो गाव बाहेरच्या आयोजकाविरुद्ध "काठ आमचा" म्हणतो, त्याने त्या "आमचा" मध्ये गावातले प्रत्येक घर धरलेच पाहिजे. आमच्या नोंदवहीत कोजागिरी आहे, मंडई आहे, १४ एप्रिल आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे आणि उर्साचा दिवसही आहे, आणि यांपैकी एकाही नोंदीला ग्रामसभेत आक्षेप आला तर मी माझी भुलाबाई पुन्हा चिखलात नेईन, पण ती नोंद खोडू देणार नाही.

काठ मागायचा तर तो राखायचाही, म्हणून पाळीबद्दल एक विनंती करते. मंडपाचे खांब रोवायला पाळीवर खड्डे खोदू नका. ही पाळ म्हणजे दाबून बसवलेली चिकण माती आहे. हातभर खड्डा केला, खांब काढला आणि वरून नुसती माती लोटली, तर ती पूर्वीसारखी घट्ट बसत नाही, आणि पुढच्या आषाढात पाणी नेमके तिथून झिरपायला लागते. आधी मागच्या उतारावर तळहाताएवढा ओला डाग दिसतो, मग त्यातून गढूळ धार लागते. आमच्या बाजूच्या गावात अशी धार पोत्यांत माती भरून रात्रभर जागून थांबवावी लागली होती. खांब उभे करायचेच असतील तर डब्यांत रेती भरून त्यात रोवा आणि तेही पाळीच्या मागच्या सपाट जागेवर. चुलीसुद्धा पाळीवर नकोत, पानग्यांच्या गोवऱ्या खालच्या मोकळ्या जागेत पेटवा. पत्रावळी पळसाच्या घ्या. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ती प्रत्येक मंडईनंतर सांडव्यात अडकलेली सापडतात.

शेवटी चामोर्शीकडच्या एका काकूंचा प्रश्न घेते. त्या विचारतात, की वैनगंगेच्या पात्रात, रेतीवर भजनाचा कार्यक्रम घ्यायचा तर हेच सर्व लागू होते का? काकू, नदीचा तळही कलम २० मध्येच येतो, त्यामुळे अर्ज तहसीलदारांकडे जाईल. परंतु रेतीघाटाचा लिलाव झालेला असेल तर घाटाच्या सीमा कुठून कुठपर्यंत आहेत हे तहसील कार्यालयात आधी पाहून घ्या आणि त्या बाहेरची जागा निवडा, कारण उपसा झालेल्या रेतीत खोल डोह राहतात आणि वरून पाणी गुडघाभरच दिसते. नदीवर वरच्या बाजूला धरण असेल तर पाणी सोडण्याच्या तारखा संबंधित पाटबंधारे कार्यालयाकडून लेखी घ्या. लहान मुले सोबत असतील तर रेतीवर न बसता घाटाच्या पायऱ्यांवर बसा. तुमच्या अर्जाचा मसुदा मला पाठवलात तर मी तो वाचून देईन, फक्त त्यावर गट क्रमांक किंवा घाटाचे नाव आणि कार्यक्रमाची वेळ लिहिलेली असू द्या.